विषाणूजन्य रोगांवरील लस-संशोधनात शिरताना: कशाआधी काय शिकायचं

लस-संशोधनात यायचं ठरवलेले बहुतेक विद्यार्थी क्रम उलटा लावतात. आधी विषाणू निवडतात, मग तंत्रज्ञान (हल्ली बहुधा एमआरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू), मग लॅब. लस चालली हे कशावरून कळणार, हा प्रश्न तिसऱ्या वर्षी आकडे हातात आल्यावर पडतो आणि तोवर अर्धे नमुने वापरून संपलेले असतात. या लेखात क्रम मोजमापापासून सुरू होतो. जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, पशुवैद्यक किंवा औषधनिर्माण यांपैकी कशाचीही पदवी असली तरी हा क्रम बदलत नाही.

टप्पा १: विषाणू नको, प्रश्न निवडा

कागदावर तीन ओळी लिहा. ज्या रोगाचा विचार करताय त्यात संरक्षण कशाने मिळतं? ते मोजता येतं का? मोजण्याची पद्धत सर्वमान्य आहे का?

उत्तरं रोगागणिक फार वेगळी निघतात. हिपॅटायटिस बी मध्ये लसीनंतर रक्तात दर मिलिलिटरमागे १० मिलि-आंतरराष्ट्रीय एककं प्रतिपिंड असले की माणूस संरक्षित मानला जातो. रेबीजमध्ये पुरेशा प्रतिसादाची खूण दर मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक ही आहे. इन्फ्लुएन्झात १:४० हा हिमॅग्लुटिनेशन इनहिबिशन टायटर धरतात (टायटर म्हणजे सीरम किती पातळ केलं तरी परिणाम दिसतो तो आकडा; ही चाचणी विषाणूने तांबड्या पेशी एकत्र चिकटवणं प्रतिपिंड किती रोखतात ते पाहते), पण त्याचा अर्थ प्रौढांत साधारण निम्मं संरक्षण एवढाच. एचआयव्हीसाठी असा सर्वमान्य आकडाच नाही. डेंग्यूत विषाणूचे चार सीरोटाइप (प्रतिपिंडांना वेगळे दिसणारे प्रकार) असल्याने अपुरे प्रतिपिंड उलट अपायही करू शकतात.

आकडा ठरलेल्या रोगावर काम केलंत तर तुमची लस त्याला कुठे गाठते हे सांगता येतं. आकडा नसलेल्या रोगावर केलंत तर थिसिसचा मोठा भाग मोजमापाची पद्धत उभी करण्यातच जाईल. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. आपण कोणत्या वाटेवर आहोत हे ठाऊक नसणं मात्र महागात पडतं.

श्वसनमार्गाच्या आरएसव्ही विषाणूचं उदाहरण सतत समोर ठेवा. १९६० च्या दशकातल्या फॉर्मलिनने निष्क्रिय केलेल्या लसीने मुलांत प्रतिपिंड तयार झाले, पण त्यांतले बरेचसे विषाणूला चिकटणारे होते, रोखणारे नव्हते. पुढे खरा संसर्ग झाला तेव्हा लस घेतलेल्या मुलांचा आजार बळावला आणि दोन बालकं दगावली. २०१३ मध्ये विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एफ प्रथिनाचा पेशीशी जुळण्यापूर्वीचा आकार उलगडला, आणि त्यावर बेतलेल्या लशींना २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. चिकटणं आणि रोखणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या असतात. पुढचे टप्पे बरेचसे याच फरकाभोवती फिरतात.

टप्पा २: आठ आठवड्यांचं वाचन

पाठ्यपुस्तकातून बी-पेशी, टी-पेशी, जर्मिनल सेंटर (बी-पेशी प्रतिपिंड सुधारतात ती जागा) आणि इंटरफेरॉन (विषाणूविरुद्ध पेशी सोडतात ती संकेत-प्रथिनं) एवढी चार प्रकरणं पक्की करा. मग आठवड्याला दोन शोधनिबंध, आणि तेही उलट्या क्रमाने: आधी पद्धती, मग आकृत्या, सारांश सर्वांत शेवटी.

प्रत्येक निबंधासाठी एक पान ठेवा आणि त्यावर एवढंच टिपा: प्रतिजन (ज्याविरुद्ध प्रतिपिंड हवेत तो घटक) कोणतं, ॲडज्युव्हंट (प्रतिसाद वाढवणारा पदार्थ) कोणतं, मात्रा किती, डोस किती आणि किती दिवसांच्या अंतराने, प्राणी कोणता व गटात किती, टायटर कसा मोजला, कंट्रोल गटाला काय टोचलं. सोळा निबंधांनंतर ही पानं शेजारीशेजारी ठेवली की एकाच लसीचे टायटर दोन लॅबमध्ये दहापट वेगळे का येतात, याचा अंदाज यायला लागतो.

तपासा: एखाद्या निबंधातली मुख्य आकृती मथळा झाकून समजावता येत असेल तर पुढे जा. "प्रतिपिंड वाढले" एवढंच सांगता येत असेल, तर कोणत्या चाचणीने, कशाच्या तुलनेत आणि किती काळ टिकले, हे शोधायला परत पद्धतींकडे जा.

टप्पा ३: लॅब निवडणं आणि पहिलं पत्र

नावाजलेली लॅब मिळाली की काम झालं, असं समजू नका. तुमच्या प्रश्नासाठी लागणारी चाचणी तिथे आज, नियमित चालते का, हे आधी पाहा. गेल्या तीन वर्षांतले निबंध उघडा आणि न्यूट्रलायझेशनची (प्रतिपिंड विषाणूला रोखतात का, या चाचणीची) आकृती लॅबमध्येच तयार झाली की सहयोगी गटाने करून दिली, हे लेखकांच्या योगदानाच्या परिच्छेदात वाचा.

पत्र दोनशे शब्दांच्या आत ठेवा. पहिल्या ओळीत तुम्ही कोण आणि कोणत्या वर्षात. दुसऱ्या परिच्छेदात त्यांच्या एका निबंधातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न. तिसऱ्यात हाताने केलेलं काम, आकड्यांसह: "सहा महिने व्हेरो पेशी सांभाळल्या, सुमारे चाळीस एलायझा प्लेट केल्या" (व्हेरो ही माकडाच्या मूत्रपिंडाची पेशीरेषा, एलायझा ही प्रतिपिंड मोजण्याची चाचणी). शेवटी कधीपासून आणि किती काळ येऊ शकता. "लहानपणापासून विज्ञानाची आवड" ही ओळ दिसली की वाचणारा पुढच्या पत्राकडे वळतो.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. पण खरी उत्तरं गाइडपेक्षा तिथले विद्यार्थी देतात: शेवटच्या तीन विद्यार्थ्यांना पदवीला किती वर्षं लागली? प्राण्यांच्या प्रयोगाची मंजुरी हातात आहे की मागायची आहे? नकारात्मक निकाल आला की काय होतं?

सावधान: "विषय नंतर ठरवू" हे उत्तर पहिल्या भेटीत चालतं. प्रवेशानंतर सहा महिन्यांनीही तेच ऐकू आलं तर लेखी आराखडा मागा.

टप्पा ४: जैवसुरक्षा, पिपेट हातात घेण्याआधी

कोणता विषाणू कोणत्या पातळीवर हाताळायचा हे संस्थेची जैवसुरक्षा समिती ठरवते. सर्वसाधारणपणे गोवर पातळी २ वर, जिवंत सार्स-कोव्ह-२ पातळी ३ वर, तर इबोला आणि निपाह पातळी ४ वर. नवख्या विद्यार्थ्याला पातळी ३ ची घाई असते. तिची गरज बहुतेकदा नसते. स्वतःची वाढ करू न शकणारे स्यूडोव्हायरस (दुसऱ्या विषाणूच्या सांगाड्यावर हव्या त्या विषाणूचं पृष्ठभागाचं प्रथिन बसवलेले कण) वापरून बऱ्याच विषाणूंची न्यूट्रलायझेशन चाचणी पातळी २ वर होते.

निर्जंतुकीकरणातली चूक नेहमी एकाच जागी होते. ७० टक्के अल्कोहोल लिपिडचं आवरण असलेल्या विषाणूंवर चांगलं चालतं, पण पोलिओ किंवा नोरोसारख्या आवरण नसलेल्यांवर त्याचा भरवसा धरू नये. तिथे क्लोरीनयुक्त द्रावण लागतं, ते रोज ताजं करावं लागतं आणि ठरवून दिलेली मिनिटं पृष्ठभाग ओला राहावा लागतो. शिंपडून लगेच पुसणं म्हणजे न करणंच. जैवसुरक्षा कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर वही किंवा टिपबॉक्स ठेवला की हवेचा पडदा मोडतो, आणि मग तुम्ही नि नमुना दोघंही उघडे.

टप्पा ५: पेशी सांभाळणं (तीन महिने, कमी नाही)

पुढच्या चाचण्यांतले निम्मे गोंधळ पेशींतून येतात. म्हणून या काळात दुसरं काही शिकू नका.

१. व्हेरो किंवा एचईके-२९३ (मानवी मूत्रपिंडाच्या पेशी) यांपैकी एकच पेशीरेषा घ्या. व्हेरो पेशी स्वतः टाइप १ इंटरफेरॉन तयार करत नाहीत, त्यामुळे त्यांत बरेच विषाणू सहज वाढतात. मात्र इंटरफेरॉनशी निगडित प्रश्नाला त्या चालणार नाहीत.

२. पहिल्याच आठवड्यात दहा-बारा व्हायल गोठवून साठा करा: सीरमयुक्त (सीरम म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा होणारा द्रव) माध्यमात १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रावक), मिनिटाला सुमारे १ अंश या वेगाने थंड, मग द्रव नायट्रोजनमध्ये. गोठवताना सावकाश, वितळवताना ३७ अंशांवर झटपट. उलट केलं तर पेशी मरतात.

३. प्रत्येक वेळी पॅसेजचा आकडा (पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात हलवल्या), तारीख, सीरमचा लॉट आणि ट्रिपॅन ब्लूने (फक्त मेलेल्या पेशींना रंगवणारा रंग) मोजलेली जिवंत पेशींची टक्केवारी लिहा. ती ९० च्या खाली असेल तर त्या दिवशी चाचणी लावू नका.

४. दर महिन्याला मायकोप्लाझ्माची (पेशीभित्तिका नसलेला अतिसूक्ष्म जीवाणू) पीसीआर तपासणी करा. तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळ होत नाही, पेनिसिलिनलाही दाद देत नाही. पेशी मात्र मुकाट्याने वेगळ्या वागू लागतात.

तपासा: लागोपाठ तीन आठवडे, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या संख्येने, एकसारखा थर देता आला की पुढचा टप्पा.

टप्पा ६: एलायझा, म्हणजे चिकटण्याचं मोजमाप

सोपी वाटते म्हणून ती सर्वाधिक चुकीची केली जाते. ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) एका प्लेटचा हिशेब असा:

१. लेपन (वेलच्या तळाला प्रतिजनाचं प्रथिन चिकटवणं): दर वेलला १०० मायक्रोलिटर, म्हणजे ९.६ मिलिलिटर; ११ करा. प्रथिन दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम धरलं तर प्लेटमागे २२ मायक्रोग्रॅम. पीएच ९.६ चा कार्बोनेट बफर, ४ अंशांवर रात्रभर.

२. ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट) घातलेल्या पीबीएसने (फॉस्फेटचं खारट बफर) तीन वेळा धुणं, मग १ ते ३ टक्के बीएसए (गाईच्या सीरममधलं अल्ब्युमिन) किंवा ५ टक्के दूध पावडर घालून तासभर ब्लॉकिंग, म्हणजे उरलेली मोकळी जागा झाकणं. ओळखण्यासाठी बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिन वापरत असाल तर दूध नको; दुधातलं बायोटिन मोजमाप बिघडवतं.

३. सीरम १:१०० पासून तिप्पट-तिप्पट पातळ: पहिल्या वेलमध्ये १५० मायक्रोलिटर, पुढच्या सातांत १०० मायक्रोलिटर बफर, दर वेळी ५० पुढे, शेवटच्यातून ५० टाकून द्या. आठवा वेल १:२१८,७०० वर येतो. दर पायरीला टिप बदला. तीच टिप ठेवली तर बाहेरून चिकटलेलं सीरम पुढे सरकत राहतं आणि टायटर फुगतो.

४. एचआरपी हे विकर जोडलेला दुय्यम प्रतिपिंड (सीरममधल्या प्रतिपिंडांना चिकटणारा), मग टीएमबी, म्हणजे त्या विकरामुळे रंग देणारं रसायन. निळा रंग चढला की आम्लाने थांबवा आणि ४५० नॅनोमीटरवर वाचा. सगळ्या प्लेटना टीएमबीसाठी सारखीच मिनिटं द्या. बफरमध्ये सोडियम ॲझाइड असेल तर एचआरपी बंद पडतं आणि प्लेट पांढरी राहते. विद्यार्थी दोष देतात तो लसीला.

आता न दिसणारी चूक. लसीतल्या प्रथिनाला शुद्धीकरणासाठी हिस्टिडिनचं शेपूट जोडलेलं असतं, आणि प्लेटवर लेपायलाही तेच शेपटाचं प्रथिन वापरलं जातं. मग तुम्ही शेपटाविरुद्धचे प्रतिपिंडही लसीच्या खात्यात जमा करता. लेपनाला वेगळं शेपूट असलेलं किंवा शेपूट काढलेलं प्रथिन घ्या.

प्रत्येक प्लेटवर एकच प्रमाणित सीरम लावा. ते लहान भागांत गोठवून ठेवा, दर वेळी नवा भाग वितळवा. त्याचा टायटर नेहमीच्या आकड्याच्या दुपटीपलीकडे किंवा निम्म्याखाली गेला तर ती प्लेट रद्द. जिथे जागतिक आरोग्य संघटनेचं आंतरराष्ट्रीय मानक उपलब्ध आहे तिथे आपलं प्रमाणित सीरम त्याच्याशी जुळवून घ्या, म्हणजे आकडे एककांत सांगता येतात.

टप्पा ७: न्यूट्रलायझेशन, म्हणजे रोखण्याचं मोजमाप

स्यूडोव्हायरसची पद्धत धरू, कारण ती बहुतेकांच्या आवाक्यात आहे. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून कॉम्प्लिमेंट (रक्तातली संरक्षक प्रथिनं) निष्क्रिय करा, पातळ करा, तेवढाच स्यूडोव्हायरस मिसळा, ३७ अंशांवर तासभर ठेवा, मग पेशींवर घाला. ४८ ते ७२ तासांनी ल्युसिफरेजचा (स्यूडोव्हायरस शिरलेल्या पेशींत तयार होणारं, प्रकाश देणारं विकर) प्रकाश मोजा. प्रकाश निम्म्यावर आणणारं पातळीकरण म्हणजे ५० टक्के न्यूट्रलायझेशन टायटर.

पहिली चूक गणिताची. १:१० सीरममध्ये तेवढाच विषाणू मिसळला की ते १:२० होतं. कुणी मिसळण्याआधीचा आकडा लिहितं, कुणी नंतरचा. तुम्ही कोणता लिहिताय हे पद्धतींत स्पष्ट असू द्या, नाहीतर दोन निबंधांत विनाकारण दुपटीचा फरक दिसतो.

दुसरी नमुन्याची. हेपरिन (रक्त गोठू न देणारा पदार्थ) घातलेला प्लाझ्मा काही विषाणूंचा पेशीप्रवेश स्वतःच अडवतो, आणि ईडीटीएचा (तसाच दुसरा पदार्थ) प्लाझ्मा दाट असला की पेशी तळापासून सुटतात. शक्य तिथे सीरमच घ्या. मानवी नमुने लेन्टिव्हायरसवर (एचआयव्हीच्या कुळातला विषाणू) आधारित स्यूडोव्हायरसने तपासत असाल तर दाता एचआयव्हीची औषधं घेतो का, हे माहीत हवं. ती औषधं प्रतिपिंडांशिवायच प्रकाश घालवतात.

तिसरी कंट्रोलची. प्लेटवर फक्त पेशी, पेशी अधिक विषाणू, माहीत असलेलं सकारात्मक सीरम आणि लस न घेतलेल्याचं सीरम हे चारही हवेत. शिवाय संशयास्पद नमुन्यांसाठी व्हीएसव्ही या जनावरांच्या विषाणूचं जी प्रथिन लावलेला असंबंधित स्यूडोव्हायरस वापरून पाहा. सीरमने तोही रोखला, तर ते न्यूट्रलायझेशन नव्हे, पेशींची विषबाधा किंवा औषध.

तपासा: विषाणूच्या वेलचा प्रकाश फक्त पेशींच्या वेलपेक्षा किमान शंभरपट हवा. कडेच्या वेलमधलं माध्यम उडून जातं म्हणून तिथे नमुने लावू नका, पीबीएस भरा.

एलायझा आणि न्यूट्रलायझेशनचे टायटर एकाच आलेखावर मांडून पाहा. एलायझा भरपूर आणि न्यूट्रलायझेशन शून्याजवळ असेल, तर प्रतिजनाचा आकार बिघडलाय का हे शोधा. आरएसव्हीचा धडा तोच आहे.

टप्पा ८: टी-पेशी

हे तंत्र तुमच्या प्रश्नाला लागत असेल तरच शिका. ताज्या रक्तातल्या पेशी शक्यतो आठ तासांच्या आत वेगळ्या करा. पेप्टाइडचे संच बहुधा १५ अमिनो आम्लांचे, ११ ची ओव्हरलॅप ठेवून केलेले असतात आणि डीएमएसओत विरघळवलेले असतात. अंतिम द्रावणात डीएमएसओ अर्ध्या टक्क्याखाली ठेवा आणि तेवढंच डीएमएसओ कंट्रोललाही घाला. फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजण्याचं तंत्र) मृत पेशी ओळखणारा रंग वगळू नका. मेलेल्या पेशी सगळेच प्रतिपिंड ओढून घेतात, आणि ०.१ टक्क्याचा प्रतिसाद शोधताना तेवढं पुरतं चकवायला.

टप्पा ९: प्राण्यांवरचा प्रयोग

नैतिक समितीची मंजुरी यायला महिने लागतात, म्हणून अर्ज टप्पा ५ चालू असतानाच द्या. अर्जात गटसंख्येचं गणित लागतं आणि ते आधीच्या आकड्यांच्या विखुरलेपणावरून करायचं असतं. "इतर सगळे पाचच घेतात" हे गणित नव्हे.

गट किमान असे: लस, फक्त ॲडज्युव्हंट, फक्त बफर. सगळ्यांचं शून्य दिवसाचं रक्त घ्या. ते राहून गेलं तर परत मिळत नाही. पहिला डोस, तीन किंवा चार आठवड्यांनी दुसरा, त्यानंतर दोन आठवड्यांनी रक्त, ही नेहमीची घडी. उंदराच्या स्नायूत एका जागी ५० मायक्रोलिटरपेक्षा जास्त टोचू नका.

जीवाणूत तयार केलेलं प्रथिन असेल तर त्यातलं एंडोटॉक्सिन (जीवाणूच्या आवरणातला विषारी घटक) मोजा. ते स्वतःच ॲडज्युव्हंटसारखं वागतं, आणि तुमचं नवं ॲडज्युव्हंट फार गुणी आहे असा भ्रम होतो.

रक्ताचा हिशेब आधी मांडा. २० ग्रॅमच्या उंदरात साधारण दीड मिलिलिटर रक्त. त्याचा दहावा भाग घेतला तर १५० मायक्रोलिटर, आणि सीरम हाती येतं ६०-७०. त्यात एलायझा, न्यूट्रलायझेशन, दोन्हींची पुनरावृत्ती आणि राखीव भाग बसवायचा आहे. सर्वांत जास्त सीरम खाणारी चाचणी आधी लावा.

प्रतिसादाचा प्रकार पाहायला आयजीजी-१ आणि आयजीजी-२ए (प्रतिपिंडांचे दोन उपप्रकार) यांचं गुणोत्तर काढतात. पण सी५७बीएल/६ वाणाच्या उंदरांत आयजीजी-२ए नसतंच, त्या जागी आयजीजी-२सी असतं. बॅल्ब/सी या दुसऱ्या वाणासाठी आणलेला अभिकर्मक तसाच वापरला की "लस एकाच बाजूला झुकते" असा निष्कर्ष छापून येतो.

टप्पा १०: आकडे

टायटर लॉगमध्ये बदला आणि भौमितिक सरासरी घ्या. चार उंदरांचे टायटर १००, १००, १०० आणि १२,८०० असतील तर साधी सरासरी ३,२७५ येते, भौमितिक ३३६. पहिला आकडा एकाच उंदराची गोष्ट सांगतो.

मोजण्याच्या मर्यादेखालच्या नमुन्यांना शून्य देऊ नका, कारण शून्याचा लॉग निघत नाही. मर्यादेच्या निम्मी किंमत द्या आणि आलेखावर मर्यादेची तुटक रेघ ओढा. एकाच सीरमचे तीन वेल म्हणजे तीन नमुने नव्हेत. संख्या प्राण्यांची मोजायची. कोणता प्राणी कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठीने किंवा संगणकाने ठरवा, आणि प्लेट वाचणाऱ्याला गट कळू देऊ नका. प्राण्यांच्या प्रयोगांच्या मांडणीसाठी अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वांची २०२० ची आवृत्ती प्रयोगाआधी वाचा. निबंध पाठवताना वाचली तर राहिलेल्या गोष्टी भरून काढता येत नाहीत.

मुख्य निकष कोणता, कोणत्या दिवशीचा आणि कोणत्या सांख्यिकी चाचणीने तपासणार, हे पहिला डोस टोचण्याआधी एका पानावर लिहा, तारीख घाला, गाइडची सही घ्या आणि ते पान प्रयोगवहीत चिकटवून ठेवा.